मनाचा रोजमेळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की आपल्याकडे घरोघरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. मार्गशीर्षातल्या थंडीत पहाटे गल्लीतल्या दोन-चार खिडक्यांत उजेड दिसला, की समजावे पारायण चालू आहे. हे सात दिवस मन कसे हलके असते. जेवण मोजके, बोलणे मोजके, झोप चटईवर. पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो, पाळणा म्हटला जातो, सुंठवडा वाटला जातो. आणि मग आठवा दिवस उजाडतो.

आठव्या दिवशी गॅसचे सिलिंडर संपलेले असते. कापसाचा भाव उतरल्याची बातमी असते. मुलाचा फोन यायचा असतो, तो येत नाही. सात दिवस जमवलेली शांती दुपारच्या जेवणापर्यंतही पुरत नाही. आमच्या गुरुवारच्या भजनात हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी काढतोच: "पारायणात मन लागते, मग नंतर काहून लागत नाही?"

या प्रश्नाचा थोडा अभ्यास करावा म्हणून हा लेख. मी काही अधिकारी पुरुष नव्हे. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षे बँकेत कारकुनी केली. पण दत्तसंप्रदायात दोन गोष्टी अशा आहेत, की त्या कारकुनालाही समजाव्यात. त्यांच्या आधाराने जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता चर्चेचा नाही, हेही सांगायला हवे. गेली तीन वर्षे आमच्या सौ.चे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. एका वेळी चार तास. जाणे-येणे आणि नंतरचा थकवा धरला तर अख्खा दिवस जातो. सोवळ्यात बसून सात दिवस पारायण करणे आता आमच्याकडे होत नाही. तेव्हा शांती मिळायची असेल तर ती याच दिवसांत मिळायला हवी, वेगळा दिवस आमच्याकडे शिल्लक नाही. आणि मला वाटते, थोड्याफार फरकाने सगळ्यांचीच स्थिती अशी आहे.

देवगिरीवरची रात्र

पहिली गोष्ट संत एकनाथांची. नाथ पैठणचे. लहानपणीच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त, पण राहत होते किल्ल्यावर, किल्ल्याचा कारभार पाहत. म्हणजे नाथांचा आश्रम हा चक्क एक कचेरी होती. तिथे हिशेब होते, वसुली होती, शिपाई होते. आपण दत्तापुढे जी आरती म्हणतो, ती याच नाथांची.

त्या दिवसांतली एक कथा परंपरेने सांगतात. स्वामींनी नाथांना हिशेब लिहायला सांगितला होता. एके दिवशी एका पैचा फरक पडला. नाथ रात्रभर दिव्याजवळ बसून तो शोधत राहिले. पहाटे फरक सापडला आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामींना जाग आली, की ते आधीपासूनच पाहत होते, हे सांगणारा सांगेल तसे. पण पुढचा भाग सगळे सारखाच सांगतात. स्वामींनी विचारले, एक पै सापडली तर इतका आनंद? मग एवढेच चित्त भगवंताकडे लावलेस तर किती होईल? तिथून नाथांच्या साधनेला वळण मिळाले.

ही कथा कीर्तनात ऐकताना लोक हसतात. आम्ही बँकेतले लोक हसत नाही, कारण ती टाळी आम्हाला माहीत आहे. संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय शाखेतून पाय निघत नसे. एखाद्या दिवशी किरकोळ रकमेसाठी रात्रीचे नऊ वाजत. आणि फरक सापडला की सगळ्या टेबलांवर एकदम हसू फुटे. खिशातून भरली असती तर ती रक्कम चहाच्या पैशाएवढी. मग आनंद कशाचा होता?

माझ्या समजुतीने, आनंद पैशाचा नव्हता, पैचाही नव्हता. तासन् तास सगळे मन एका ठिकाणी होते. घरचे, दारचे, उद्याचे, कालचे काही त्यात नव्हते. आणि शेवटी जे जसे आहे ते तसे दिसले, आकड्याला आकडा लागला. मन एकाग्र होणे आणि खरे काय ते दिसणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आनंद आपोआप होतो. जनार्दनस्वामींनी नाथांना नवीन काही दिले नाही. जे त्यांच्याजवळ होते, त्याची फक्त दिशा दाखवली. हिशेब टाकून गुहेत जा, असेही सांगितले नाही. नाथ पुढे पैठणला परत आले, गिरिजाबाईंशी संसार केला, घर भरलेले ठेवले, आणि त्याच घरात राहून ग्रंथ लिहिले.

फरक शोधायची रीत

आता मनाचा हिशेब कसा तपासायचा? बँकेत फरक शोधायच्या काही जुन्या युक्त्या होत्या. त्या इथे कामी येतात, म्हणून सांगतो.

पहिली युक्ती. फरकाच्या रकमेला नऊने भाग जात असेल, तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेले आहेत. २७ च्या जागी ७२ लिहिले तर फरक ४५ चा येतो, त्याला नऊने भाग जातो. म्हणजे फरक स्वतःच आपले कारण सांगतो, फक्त त्याच्याकडे नीट बघायचे. मनाचेही तसेच आहे. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये जास्त लागले आणि माणूस दिवसभर धुसफुसतो. दोन रुपयांच्या कारणाला दोनशे रुपयांचा राग. रागाची रक्कम आणि कारणाची रक्कम जुळत नसेल, तर खरी नोंद दुसऱ्या कुठल्या तरी पानावर आहे असे समजावे. सकाळी मुलाशी बोलणे अर्धवट राहिले असेल, रिपोर्टची काळजी असेल. कोथिंबीरवाली बिचारी मध्येच सापडते.

दुसरी युक्ती. फरकाच्या अर्ध्या रकमेचे व्हाउचर शोधायचे. कारण जमेची रक्कम नावे टाकली, की फरक दुप्पट होतो. पन्नास जमा करायचे ते पन्नास नावे पडले, तर मेळ शंभराने चुकतो. घरात असे किती होते पाहा. सून म्हणते, "बाबा, तुम्ही बसा, मी करते." तिच्या मनात माया असते. ऐकणारा ते 'आता तुमच्याने होत नाही' असे नोंदवतो. जमेची नोंद नावे पडली. दुखणे तर आलेच, शिवाय मिळालेली मायाही गेली. म्हणून मनाला फार लागलेली गोष्ट रात्री एकदा उलटून पाहावी: ही खरोखर नावेच होती का?

तिसरी गोष्ट म्हणजे सस्पेन्स खाते. सगळे करूनही एखादा फरक त्या दिवशी सापडत नाही. तेव्हा ती रक्कम तात्पुरती सस्पेन्सला टाकतात आणि मेळ बंद करतात. सस्पेन्सला टाकणे म्हणजे विसरणे नव्हे. त्यावर तारीख असते, विचारणा होते, ती नोंद कधीतरी मिटवावीच लागते. पण आजची रात्र तिच्यासाठी जागून काढायची नसते. काही प्रश्न असेच असतात. भावाभावांतली वाटणी, मुलीचे लग्न, डॉक्टरांनी 'बघू' म्हटलेली गोष्ट. ते आज सुटणार नाहीत. त्यांना तारीख घालून बाजूला ठेवावे आणि झोपावे.

अवधूताचे गुरू आपल्या गल्लीत

दुसरी गोष्ट भागवतातली. अकराव्या स्कंधात यदुराजा एका तरुण अवधूताला विचारतो, की सगळे लोक कामनेने पोळत असताना तू इतका आनंदात कसा? प्रश्न तोच आहे, आपल्या गुरुवारच्या भजनातला. तो अवधूत म्हणजेच दत्तप्रभू, असे आपली परंपरा मानते. त्याने उत्तरादाखल आपले चोवीस गुरू सांगितले. सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात हा संवाद आहे. नाथांनी याच स्कंधावर १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली. पैठणला आरंभ केलेला तो ग्रंथ इ.स. १५७३ मध्ये, शके १४९५ ला, काशीत पूर्ण झाला. तोच आपला एकनाथी भागवत.

आता त्या चोवीस गुरूंची यादी पाहा. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबूतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, बालक, कुमारिका, बाण करणारा, साप, कोळी, कुंभारमाशी. यात एकही मठाधिपती नाही. एकाही गुरूने अवधूताला जवळ बसवून उपदेश केलेला नाही. बहुतेकांना तर आपण कोणाचे गुरू झालो हे माहीतसुद्धा नाही. शिकवण समोर पडलेलीच होती. अवधूताने केले ते एवढेच, की थांबून पाहिले आणि पाहिलेल्यावर विचार केला. पाहणे आणि विचार करणे, या दोहोंपैकी एक सुटले तर गुरू होत नाही. नुसते पाहिले तर करमणूक होते, नुसता विचार केला तर डोके दुखते.

हल्ली मोबाइलवर 'माइंडफुलनेस' हा शब्द फार येतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असा वर्ग सुरू केला, तिथून तो जगभर गेला. श्वासाकडे, अंगाकडे, चालू क्षणाकडे निवाड्याची घाई न करता लक्ष द्यायचे, हे त्यात शिकवतात. त्याची मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. चांगलीच गोष्ट आहे. आपल्याकडे त्यासाठी 'अवधान' हा जुना शब्द आहे. ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांकडे दुसरे काही मागत नाहीत, अवधान मागतात.

चोवीसपैकी चार गुरूंचा धडा मला या तीन वर्षांत विशेष लागू पडला. तेवढे सांगतो.

*बाण करणारा.* हा कारागीर बाण सरळ करण्यात इतका गुंतला होता, की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. डायलिसिसच्या बाहेर नातेवाइकांसाठी बाकडी असतात. तिथे दारव्ह्याकडच्या एक मावशी मुलासाठी येतात. बाकीचे आम्ही मोबाइल पाहतो, नाहीतर भिंतीवरचे घड्याळ. मावशी पिशवीतून घरचा कापूस काढतात आणि चार तास वाती वळतात. गावच्या महादेवाला लागतात म्हणे. चेहरा शांत. मी एकदा विचारले, "मावशी, इथे बसून मन कसं लागते तुमचं?" त्या म्हणाल्या, "मन कुठं लावाव बापा? हात लावले का मन येते मांगून."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. आपण मनाला हुकूम सोडतो, शांत हो म्हणून, आणि ते ऐकत नाही. मावशी मनाला काहीच म्हणत नाहीत. हाताला एक काम देतात आणि ते काम पूर्ण करतात. शेंगा सोलणे, गहू निवडणे, भांडे घासणे, बागेला पाणी देणे, कोणतेही काम चालेल. त्या कामात हात आणि डोळे एकत्र असले पाहिजेत, एवढीच अट.

*कुमारिका.* हिच्या घरी मागणी घालायला पाहुणे आले. घरची माणसे बाहेर गेलेली. ती आत साळी कांडू लागली तर हातातली कांकणे वाजू लागली. घरात दाणे कांडलेले नाहीत, हे पाहुण्यांना कळेल म्हणून तिला संकोच वाटला. तिने एक-एक कांकण उतरवले. दोन राहिली तरी वाजतच होती. एकच ठेवले तेव्हा आवाज थांबला. अवधूताने यातून एकांत शिकला. आपण संसारी माणसांनी काय घ्यावे? आपल्या मनाच्या हातात किती कांकणे आहेत ते मोजावे. जेवताना टीव्ही, टीव्ही पाहताना मोबाइल, मोबाइलवर बोलताना हिशेब. आवाज तर होणारच. एका वेळी एक कांकण. जेवताना जेवण, बोलताना बोलणे. सगळा दिवस हे जमत नाही, पण दिवसातून एक तास ठरवून जमते.

*पिंगला.* विदेह नगरीतली ही गणिका. कोणी पैसेवाला येईल म्हणून दारात उभी. आत जाते, बाहेर येते, मध्यरात्र होते. शेवटी तिची आशा सुटते, आणि त्या रात्री ती सुखाने झोपते. भागवतात तिच्याएवढा मोठा भाग फार थोड्या गुरूंना मिळाला आहे. रोज रात्री मुलाच्या फोनची वाट पाहणारे आईबाप आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. आम्हीही रक्त तपासून आल्यावर क्रिएटिनिनच्या आकड्याची वाट पाहतो. पिंगलेचा धडा असा नाही, की मुलावर माया करू नका किंवा औषध सोडा. औषध वेळेवर घ्यावे, फोन आपण होऊन लावावा. दारात उभे राहणे तेवढे सोडावे. आत-बाहेर येरझारा घालून आकडा कमी येत नाही.

*पाणी.* पाणी स्वच्छ असते, ज्याला स्पर्श करते त्याला स्वच्छ करते, म्हणून ते गुरू. पण मला हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. यवतमाळकरांना पाण्याबद्दल सांगायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहचे पाणी तळाला गेले, तेव्हा गुंडभर पाण्यासाठी टँकरमागे आपण सगळेच धावलो आहोत. त्या वर्षी पाण्याची किंमत कळली. चव कळली ती आता, घरात.

डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून असते. आमच्या हिने एक लहान पेला ठरवला आहे. दिवसभरात किती पेले ते ठरलेले. ती घोट घेते, तोंडात धरते, मग गिळते. एकदा मला म्हणाली, "अहो, सकाळच्या पाण्याची चव वेगळी असते आणि दुपारच्या पाण्याची वेगळी. तुम्ही कधी बघितली का?" त्या दिवशी मीही तिच्यासोबत एक पेला तसाच प्यायलो, घोट-घोट करून. वाळ्याचा की माठाचा, कसलासा वास होता. सदुसष्ट वर्षे मी पाणी पितो आहे. त्या घोटाला जे लक्ष मिळाले, तेवढे कधी ग्रंथ वाचतानाही मिळाले असेल असे वाटत नाही.

तिचे दुखणे चांगले आहे असे मी म्हणत नाही. ते दुखणे आहे, आणि ते ती सोसते. पण त्याच दिवसांत, त्याच पेल्यात तिला आनंदाचा एक घोट सापडतो, हे मी रोज पाहतो. माझ्या चोवीस गुरूंत मी तिला पंचविसावी धरतो. तिला हे सांगितले तर म्हणते, "आता गुरुदक्षिणा म्हणून भांडी घासा."

रोजचा क्रम

वाचकांनी म्हणू नये, की गोष्टी सांगितल्या, करायचे काय ते सांगितले नाही. आम्ही घरात जे करतो ते असे. यात पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही.

१. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दहा श्वास मोजायचे. प्रत्येक श्वासाला मनात 'दत्त' म्हणायचे. मोजणे चुकले तर पुन्हा एकपासून. रागवायचे नाही, पुन्हा एकपासून.

२. दिवसातले एक काम ठरवून पूर्ण लक्षाने करायचे. मी चहा करतो. पाणी ठेवण्यापासून कप विसळेपर्यंत फक्त चहा. पातेल्यातला आवाज आधी बारीक असतो, मग जाड होतो, उकळी येण्याच्या जरा आधी थांबल्यासारखा होतो. छत्तीस वर्षे नोकरीच्या घाईत हे कधी ऐकू आले नव्हते.

३. संध्याकाळी दिवा लावल्यावर एक तास मोबाइल कपाटात. एक कांकण. त्या तासात शुभंकरोती, नाथांच्या ग्रंथाचे एखादे पान, आणि एकमेकांशी बोलणे.

४. रात्री झोपण्यापूर्वी रोजमेळ. शंभर पानी साधी वही, पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेत असे लिहायचे, की जे आज न मागता मिळाले. नावे बाजूला असे, की ज्याने मन ढवळले. खाली एक ओळ: फरक कशाचा? सापडला तर लिहा. नाही सापडला तर 'सस्पेन्स' लिहून तारीख घाला.

नमुन्यादाखल आमच्या वहीतले परवाचे पान. जमा: ऑटोवाल्याजवळ सुटे नव्हते, "उद्या द्या काका" म्हणाला. नर्सबाईंनी पहिल्याच टोचणीत सुई नीट लावली. कडुनिंबावर बुलबुलाची जोडी. हिने अळणी पिठले "चांगलं झालं" म्हणून खाल्ले. नावे: मशीन रिकामे नव्हते, दीड तास उशीर. भावाचा फोन, सोयाबीन भिजले. फरक: उशिराचा राग नव्हता, ही थकेल याची भीती होती. 'राग' खोडून 'काळजी' लिहिले.

पाहा, शेवटच्या ओळीत काय झाले. नावाची बाजू कमी झाली नाही. उशीर तेवढाच झाला, सोयाबीन तेवढेच भिजले. पण राग म्हणून जे लिहिले जात होते, ते खरे तर काळजी होते, आणि काळजी म्हणजे माया. राग घेऊन झोप येत नाही. माया घेऊन येते. एवढ्या एका शब्दाच्या दुरुस्तीने रात्र बदलते. नाथांची टाळी याहून वेगळी नसावी.

महिनाभर वही लिहिली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जमेची बाजू नेहमी लांब असते. ती आपण लिहीत नव्हतो, म्हणून दिसत नव्हती.

दोन सावधानतेच्या गोष्टी

पहिली. मनाच्या शांतीने कर्ज फिटत नाही आणि पीक येत नाही. आपला जिल्हा कापसाचा. आपल्या शेतकऱ्यांच्या दुःखाने हा जिल्हा देशभर ओळखला गेला, हे आपल्याला दुखते. अशा घरी जाऊन 'मन शांत ठेवा' एवढेच सांगणे हा त्यांचा अपमान आहे. तिथे बसावे, ऐकावे, जमेल ती मदत करावी. पृथ्वी अवधूताची पहिली गुरू. आपली काळी जमीन वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसात पुन्हा मिटते. पण पाऊस यावा लागतो. माणसालाही दुसऱ्या माणसाचा ओलावा लागतो.

दुसरी. कोणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा झाला आहे असे तो बोलत असेल, तर ते साधना कमी पडल्याचे लक्षण नव्हे. ते आजारपण आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. मधुमेहाला आपण गोळी घेतो आणि आरतीही करतो, तसेच हे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक देवघराजवळ लिहून ठेवावा. आपल्याला नाही, तर शेजाऱ्याला कामी येईल.

माहूरच्या शेजारी

आपण यवतमाळचे लोक एका बाबतीत भाग्यवान आहोत. आर्णीवरून पुढे पैनगंगा ओलांडली की माहूरगड. दत्तशिखर, अनसूयामाता, रेणुकामाता सगळे तिथे. परंपरा सांगते, की दत्तप्रभू भिक्षेला कोल्हापूरला जातात आणि निद्रेला माहूरला येतात. अखंड भ्रमण करणारा देव दिवसाचे काम आटोपतो आणि आपल्या अगदी जवळ येऊन विसावतो.

या श्रद्धेतून मी माझ्यापुरता एक अर्थ घेतो. फिरणे संपत नाही, भिक्षाही रोज मागावी लागते, पण दिवस बंद करायला एक जागा हवी. देवालाही ती आहे. आपल्याला ती रात्रीच्या त्या वहीच्या पानावर करता येते. पारायणाचे सात दिवस ग्रंथ आपल्याला वाचून दाखवतो, की गुरू कसे भेटतात. आठव्या दिवसापासून गुरू प्रत्यक्ष भेटू लागतात: रांगेत, स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या बाकड्यावर, पाण्याच्या पेल्यात. आपण थांबून पाहावे, पाहिलेल्यावर रात्री थोडा विचार करावा, आणि मेळ जुळवून दिवा मालवावा.

यंदाच्या जयंतीला महाप्रसादाच्या पंगतीत बसाल तेव्हा एक करून पाहा. पहिला घास घ्या आणि तो संपेपर्यंत शेजाऱ्याशी बोलू नका. भाताची चव घ्या. कोणी पिकवला, कोणी शिजवला, कोणी वाढला, एवढे मनात येऊ द्या. मग खुशाल बोला. त्या दिवसाच्या पानावर जमेची पहिली नोंद तिथेच झाली.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥